कागदावरचा उजवा गुडघा

गुडघा हा अवयव देवाने शुक्रवारी संध्याकाळी, ऑफिस सुटायच्या वेळेला केला असावा, असं माझं प्रामाणिक मत आहे. मी चौतीस वर्षं मेक्सिको शहराच्या मालमत्ता नोंदणी कचेरीत खर्डेघाशी केली. शुक्रवारी संध्याकाळी उरकलेलं काम मी लांबून ओळखतो. दोन हाडं एकमेकांवर टेकवली, वर एक वाटी पालथी घातली, "चालतंय, पाठवा पुढे" म्हणाला आणि शिक्का मारून मोकळा झाला. बाकीच्या शरीराबद्दल माझी तक्रार नाही.

तर, माझा डावा गुडघा दुखतो. डावा. हे मी सुरुवातीलाच ठासून सांगतो, कारण पुढे याच मुद्द्यावर सरकारदरबारी पुष्कळ गोंधळ झाला.

नुसता दुखला असता तर मी कुणाला सांगितलंही नसतं. पण मी आणि माझी बायको इर्मा एकतीस वर्षं दर शनिवारी सिउदादेला नावाच्या चौकात दानसोन नाचतो. दानसोन म्हणजे उड्या मारायचा नाच नव्हे. तो एका फरशीच्या आकाराच्या जागेत, पाठ ताठ ठेवून, चेहऱ्यावर कोर्टात साक्ष द्यायला उभं राहिल्याचा भाव आणून करायचा गंभीर प्रकार आहे. मध्ये मध्ये बँड सुरुवातीचीच धून पुन्हा वाजवतो. तेव्हा सगळ्या जोड्यांनी थांबायचं, बँडकडे तोंड करून उभं राहायचं आणि बायकांनी पंख्याने वारा घ्यायचा. त्या विसाव्यात माझा गुडघा गेला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण मार्च महिन्यात तो गेला तो ऐन वळणावर. मी फरशीवर बसलो. म्हणजे बसलो असं मी म्हणतो. चौकातले लोक दुसरा शब्द वापरतात.

तेव्हापासून इर्मा डॉन लिसांद्रोबरोबर नाचू लागली. हा आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारा विधुर, निवृत्त दंतवैद्य. काळेपांढरे बूट, टोपीत पीस. मी त्याच्याबद्दल वाईट बोलणार नाही. या वयात सगळे दात स्वतःचे आहेत, म्हणून माणूस ते जरा जास्त दाखवतो, इतकंच.

जूनमध्ये एके दिवशी जेवताना इर्मा म्हणाली, "म्हाताऱ्या, नोव्हेंबरात चौकाचा वर्धापनदिन आहे. पहिल्या दानसोनला तू उभा राहिलास तर मी तुझ्याबरोबर. नाहीस राहिलास तर मी काही बाकावर बसून पर्सा सांभाळणार नाही. लिसांद्रोने विचारलंय."

"विचारलंय? कुठे?"

"जिन्यात."

जिन्यात! म्हणजे ज्या जिन्याच्या प्रत्येक पायरीवर मी आईची आठवण काढतो, त्या जिन्यात उभा राहून हा गृहस्थ माझ्या बायकोला निमंत्रणं देतो. एकतीस वर्षांत वर्धापनदिनाला इर्माच्या कमरेवर दुसऱ्या कुणाचा हात पडला नव्हता. तो याही वर्षी पडणार नाही, असं मी मनात ठरवलं आणि उठायला गेलो. उठायला टेबलाचा आधार घ्यावा लागला, ते सोडा.

बातमी इमारतभर व्हायला अर्धा तास लागला. तळमजल्यावरच्या दोन्या चोले खडखड्या सापाच्या चरबीचं मलम घेऊन वर आल्या. "हे चोळा. माझे मिस्टर शेवटपर्यंत चालत होते." त्यांचे मिस्टर ट्रामखाली गेले, हे मला माहीत होतं, पण म्हटलं कशाला बोला. समोरच्या सेन्योरा ग्रासियेलाने मधमाशी चावून घ्यायला सांगितलं आणि माशी आणून द्यायचीही तयारी दाखवली. माझा मेहुणा बेतो, म्हणजे इर्माचा धाकटा भाऊ, तो म्हणाला, "दाजी, गुडघ्याला विचारूच नका. विचारलं की तो लाडावतो." बेतोने आयुष्यात कुणालाच काही विचारलं नाही, म्हणून तो आमच्याकडे राहतो.

शेवटी मी विम्याच्या दवाखान्यात गेलो. पहाटे टोकन, आठला रांग, साडेअकराला डॉक्टर. डॉक्टरांनी मला बारा मिनिटं दिली, त्यातली दहा टाइप करण्यात गेली. म्हणाले, "सांधा झिजलाय, पण खरी भानगड मांडीच्या स्नायूची आहे. तो कमजोर झालाय. विजेचे बारा शेक आणि जोडीला व्यायाम. फिजिओथेरपीला जा." मी कागद घेऊन खिडकीवर गेलो. खिडकीतल्या बाईंनी कागद वाचला आणि माझ्या डाव्या पायाकडे पाहिलं, कारण मी तो ओढत आलो होतो.

"उजवा गुडघा," त्या म्हणाल्या.

"डावा," मी म्हणालो.

"कागदावर उजवा आहे."

"पण बाई, दुखतो डावा!"

"मग डावा कागदावर आणा. दुरुस्तीचा अर्ज, मूळ कागद, दोन प्रती, डॉक्टरांची सही. डॉक्टर उद्यापासून सुट्टीवर आहेत."

आता खरं सांगायचं तर माझ्या मनात त्या बाईंबद्दल आदर दाटून आला. मी स्वतः एका माणसाला तीन वेळा परत पाठवलं होतं, कारण त्याच्या घराचं दार दक्षिणेला होतं आणि कागदावर उत्तरेला. तो रडकुंडीला येऊन म्हणाला होता, "साहेब, येऊन बघा!" मी म्हणालो होतो, "मी घर बघत नाही, कागद बघतो." तो माणूस त्या दिवशी आसपास कुठे असता तर त्याने पेढे वाटले असते.

सारांश, पहिले चार शेक माझ्या उजव्या, ठणठणीत गुडघ्याला मिळाले.

शेक देणारी याझमिन नावाची मुलगी होती. पंचविशीतली, बोलायला गोड, पण नजर हेडमास्तरांची. ती म्हणाली, "डॉन तेरेन्सिओ, कागदाशिवाय मला डाव्याला हात लावता येत नाही. पण व्यायाम करायला कागद लागत नाही. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, पाय सरळ करून मांडी आवळायची, पाच मोजायचे. घरी डाव्याने करा. कराल ना?" मी "हो" म्हणालो. केला नाही. टॉवेल आवळून कुणाचं भलं झालंय, असं मला वाटलं. विजेची गोष्ट वेगळी, विजेवर माझा विश्वास होता.

वीज काय करते, तेही तिने समजावलं, आणि मला ते चटकन पटलं, कारण सगळा कारभार आमच्या कचेरीसारखा निघाला. गुडघा दुखतो, तो वर तक्रार पाठवतो, वरून हुकूम सुटतो की, पुढील आदेशापर्यंत मांडीने काम करू नये. मांडी रजेवर जाते. मांडी रजेवर म्हणून सगळा भार गुडघ्यावर, म्हणून तो आणखी दुखतो, आणखी तक्रार, आणखी रजा. वीज मधल्या खिडकीवर गर्दी करते, त्यामुळे तक्रार वर पोहोचत नाही, आणि तेवढ्या वेळात मांडीला कामाला लावायचं. "म्हणजे वीज नुसती वाट मोकळी करते," याझमिन म्हणाली, "चालायचं तुम्हालाच आहे." मी मान डोलावली. पहिला भाग मी लक्षात ठेवला.

ऑगस्टच्या अखेरीला डॉक्टर आले, सही झाली, आणि माझ्या डाव्या गुडघ्याची सरकारदरबारी नोंद झाली. निदान याझमिनच्या फाइलीत झाली; मुख्य रजिस्टरात उजवाच राहिला तो राहिलाच. तिने गुडघ्याच्या वर चार चिकट पट्ट्या लावल्या, वायरी जोडल्या आणि मशीनच्या बटणावर बोट ठेवलं. "मुंग्या आल्यासारखं वाटेल. जोरात वाटलं पाहिजे, पण त्रास नको. त्रास व्हायला लागला की 'पुरे' म्हणायचं. मी तिथेच थांबेन."

इथे मला थोडं विषयांतर करावं लागेल. आमच्या शहरात पुरुष विजेला 'पुरे' म्हणत नाही. दारूच्या गुत्त्यात एक माणूस लाकडी डबा गळ्यात अडकवून फिरतो. डब्याला दोन वायरी, वायरींच्या टोकाला दोन धातूच्या नळ्या. टेबलावरच्या मंडळींनी हातात हात घालून गोल करायचा, दोघांनी एकेक नळी धरायची, आणि डबेवाला हळूहळू बटण फिरवत जातो. बोटं वाकडी होतात, डोळे बाहेर येतात, पण जो आधी 'पुरे' म्हणेल तो हरला. त्याने सगळ्यांची पाजायची. लोक हे पैसे देऊन करून घेतात. एकोणीसशे एकोणनव्वदच्या नाताळात आमच्या कचेरीतले नऊ जण एकापाठोपाठ 'पुरे, पुरे' करत गळाले, आणि मी शेवटपर्यंत उभा होतो. चौतीस वर्षांच्या नोकरीत माझं नाव झालं ते एवढ्याच कारणाने. निवृत्तीच्या भाषणात साहेबांनी माझ्या कामाचा उल्लेख केला नाही, याचा केला.

तेव्हा याझमिनने चारवर आणून विचारलं, "पुरे?" मी हसलो. पाच. मांडीत मुंग्यांची जत्रा भरली. "डॉन तेरेन्सिओ?" मी म्हणालो, "चालू द्या." तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण शेजारच्या खाटेवर बाजारात कोळंबी विकणारी एक जाडजूड बाई खांद्याला पट्ट्या लावून पडली होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मी सहावर आहे हो," आणि गाणं गुणगुणायला लागली.

"सात," मी याझमिनला म्हणालो.

"नक्की? त्रास नाही ना?"

"छे! गुदगुल्या होतायत."

सात नंबरला नेमकं काय झालं, ते मी माझ्या तीन पानी खुलाशात सविस्तर लिहिलं आहे. थोडक्यात, मांडी रजेवरून परत आली. सगळी तुंबलेली कामं एका क्षणात उरकायची असं तिने ठरवलं. पाय बंदुकीच्या घोड्यासारखा सुटला, पायातली सपात उडाली, आणि त्याच क्षणी पाहुण्यांना विभाग दाखवायला आत शिरलेल्या दवाखान्याच्या संचालकांच्या पांढऱ्या कोटावर, छातीच्या मधोमध, जाऊन बसली. मी तेव्हाही 'पुरे' म्हणालो नाही. "आई गं!" म्हणालो. ते धरत नाहीत.

याझमिनने आधी मशीन बंद केलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मी तीनदा विचारलं होतं," एवढंच ती म्हणाली. मला लाज वाटली. खरोखर वाटली. माझ्या नातीच्या वयाची पोर, आणि माझ्यापायी तिला साहेबांपुढे उभं राहावं लागलं. कोळंबीवाली मात्र गुणगुणतच होती.

माझ्याकडे लेखी खुलासा मागितला आणि तो मंजूर होईपर्यंत माझे शेक थांबवले. खुलाशाला तीस दिवस लागतात, हे मला कुणी सांगायला नको होतं. तो नियम आमच्याच कचेरीतून सगळीकडे गेला असावा.

इकडे इर्माने नवा पोशाख शिवायला टाकला. डॉन लिसांद्रो जिन्यात भेटला आणि सगळे दात दाखवत म्हणाला, "काळजी करू नका शेजारी, मी त्यांना जपून नाचवेन." मी घरी येऊन पाणी प्यायलो. दोन ग्लास.

"दाजी," बेतो म्हणाला, "वीज ती वीज. दवाखान्याची काय आणि गुत्त्यातली काय? चला, डॉन मेलितोनकडे जाऊ. नळ्या हातात धरण्याऐवजी गुडघ्याला लावू."

आता हे ऐकताच मी बेतोला घराबाहेर काढायला हवं होतं. त्याऐवजी मी टोपी घातली. अडला हरी, दुसरं काय! दुपारी तीनला आम्ही गुत्त्यात पोहोचलो. डॉन मेलितोन म्हणजे एकोणनव्वदच्या नाताळातला तोच डबेवाला. आता केस पिकलेले, डबा मात्र तोच. त्याने मला ओळखलं. "अरे! नोंदणीवाले! नऊ जण पाडले होते तुम्ही!" सगळा गुत्ता वळून बघायला लागला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग बेतोने आमची मागणी सांगितली आणि मी पँट गुडघ्यापर्यंत वर केली.

डॉन मेलितोनने डबा टेबलावर ठेवला. "नाही," तो म्हणाला.

"पैसे देतो की!"

"पैशाचं नाही हो. हा डबा धडधाकट, प्यालेल्या माणसांसाठी आहे. आजारी पायासाठी नाही. कुठल्या दवाखान्यात जाता?"

मी सांगितलं.

"मग याझमिन असेल तुम्हाला." त्याने स्वतःची पँट वर केली. दोन्ही गुडघ्यांवर पट्ट्यांचे चौकोनी वळ होते. "मी गुरुवारी जातो. चाळीस वर्षं उभ्याने धंदा केला, गुडघे गेले. ती मला साडेतीनवर ठेवते."

"साडेतीन?" माझा विश्वास बसेना. "तुम्ही? तुम्ही साडेतीनवर 'पुरे' म्हणता?"

"मग काय ओरडेपर्यंत बसू? ते मशीन आहे, शर्यत नाही. साडेतीनवर वीस मिनिटं, मग टॉवेल, मग खुर्चीवरून उठबस. मी आता जिना चढतो." मग त्याने आवाज खाली आणला. "आणि एक सांगू? त्या नाताळात तुम्ही ज्या टोकाला होतात ना, तिकडची नळी सैल होती. वीज पोचतच नव्हती नीट. तुम्ही इतके खूश होतात, मला सांगवेना."

बेतोला पुढचे तीन आठवडे माझ्याशी बोलताना हसू आवरत नव्हतं. माझी पस्तीस वर्षांची कीर्ती, आणि नळी सैल!

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. शेकाला नव्हे. याझमिनच्या टेबलावर केळीच्या पानात उकडलेल्या मक्याच्या तामालेची पुडी ठेवली आणि म्हणालो, "चूक माझी होती. तसं लिहून आणलंय. तीन प्रतीत." तिने कागद वाचला, तामाले उघडली, आणि हेडमास्तरांच्या नजरेने विचारलं, "टॉवेल?"

"आजपासून."

आणि केलं मी. सकाळ-संध्याकाळ, टॉवेलची गुंडाळी, पाच मोजायचे. खुर्चीवरून हात न लावता उठायचं, बसायचं, दहा वेळा. इर्मा स्वयंपाकघरातून म्हणायची, "म्हाताऱ्या, कुणी पाहुणे आलेत का? सारखा उठून उभा राहतोयस ते?" खुलासा मंजूर झाला, शेक सुरू झाले. चारला मी 'पुरे' म्हणालो. पहिल्यांदा खोकल्यासारखं काहीतरी केलं, पण म्हणालो. कोळंबीवालीने माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. ऑक्टोबरअखेर मी जिन्यात डॉन लिसांद्रोला मागे टाकलं. तो फोनवर बोलत उभा होता हे खरं, पण मागे टाकलं.

शेवटच्या दिवशी याझमिनने घरी वापरायचं छोटं मशीन महिनाभरासाठी दिलं. सिगारेटच्या पाकिटाएवढं, चार पट्ट्या, दोन जोड वायरी. पावतीवर लिहिलं होतं, 'उजव्या गुडघ्यासाठी'. मी मुकाट्याने सही केली.

वर्धापनदिनाला चौक फुलून गेला होता. मी पांढरा सूट घातला, मशीन कोटाच्या खिशात, पट्ट्या पँटीच्या आत. इर्मा हिरव्या पोशाखात आली आणि माझ्यापुढे उभी राहिली. हात पुढे केला. डॉन लिसांद्रो टोपी हातात घेऊन दोन पावलं मागे सरला. तेवढ्यात बँडप्रमुखाने, प्रथेप्रमाणे, पहिलं दानसोन कुणाला अर्पण ते चिठ्ठीवरून वाचलं: "ऐका मंडळी! हे दानसोन डॉन तेरेन्सिओ सामारीपा, त्यांच्या पत्नी, आणि त्यांच्या उजव्या गुडघ्याला!"

चिठ्ठी बेतोने दिली होती, दवाखान्याच्या पावतीवरून उतरवून.

पण नाचलो! पाठ ताठ, चेहरा गंभीर, ते वळणही आलं आणि गेलं. इर्माने वळणावर माझा खांदा घट्ट धरला होता. पहिलं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याच्या विसाव्यात आम्ही बँडकडे तोंड करून उभे असताना गुडघ्याने वर तक्रार पाठवली. मी दोन क्षण ऐकलं न ऐकलंसं केलं. मग म्हणालो, "इर्मा, पुरे."

मला वाटलं ती आता लिसांद्रोकडे बघणार. तिने पंखा मिटला आणि मोठ्ठा श्वास सोडला. "देवा, आभारी आहे! मला वाटलं तू म्हणतच नाहीस आता."

"म्हणजे?"

"माझा गुडघा! दोन वर्षं दुखतोय. तू पडलास ना मार्चमध्ये, मला वाटलं, सुटले, आता शनिवारी बाकावर बसून आइस्क्रीम खाता येईल. तर तो लिसांद्रो जिन्यात आला."

"मग नाही म्हणायचं होतंस त्याला!"

"तूच रोज उठून हट्टाने तयारी करत होतास. मी आधी 'पुरे' कशी म्हणू?"

आम्ही बाकावर बसलो. मी माझ्या गुडघ्याच्या दोन पट्ट्या काढल्या. तिने पोशाखाचा काठ गुडघ्यापर्यंत घेतला, पंखा आडवा धरला, आणि मी त्या दोन पट्ट्या तिला लावल्या. डाव्याला. मी दोनदा विचारून घेतलं. बटणावर बोट ठेवून म्हणालो, "त्रास झाला की सांग."

तीन. चार. पाच. ती ताठ बसून बँडकडे बघत होती. सहा. तिचा हिरवा बूट जमिनीवरून आपोआप दोन बोटं वर उचलला गेला, आणि त्याचं टोक सरळ डॉन लिसांद्रोच्या टोपीच्या रोखाने वळलं. तो आमच्याच समोर दोन्या चोलेंना नाचवत होता. मी काही देवमाणूस नाही. सात नंबर माझ्या बोटाखाली होता.

"इर्मा, काही होतंय?"

"बँड बरा वाजवतोय आज," ती दात आवळून म्हणाली.

"पुरे!" तिच्या वतीने मीच मोठ्याने म्हणालो आणि बटण चारवर आणलं. बूट खाली आला. तिने डोळे मिटले आणि डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं.

"एवढं ओरडायला काय झालं?" ती म्हणाली. "जा, आइस्क्रीम आण. नको, बस तू. बेतोला सांग."